‘जीव लागत नाही’ असे सांगता येणे

मनमोकळे बोलणे म्हणजे मनात जे आहे आणि तोंडून जे निघते त्यात फार अंतर न ठेवता बोलणे. बुलढाणा जिल्ह्यात मेहकरच्या एसटी स्टँडवर असो की खामगावच्या बाजारात, “कसं काय भाऊ?” या प्रश्नाला “बरं हाय” हे उत्तर ठरलेले असते. ते उत्तर खोटे नसते, पण त्यातून काही कळतही नाही. सोयाबीनचा भाव, पावसाची ओढ, बँकेतली रांग यांवर मग तासभर बोलणे होते आणि माणूस जसा आला तसाच घरी जातो. या दोन प्रकारच्या बोलण्यांचा मनाच्या स्वास्थ्याशी संबंध काय, याचा मानसशास्त्राने गेल्या चाळीसेक वर्षांत बराच बारकाईने अभ्यास केला आहे.

अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठाचे मथायस मेल यांनी ७९ विद्यार्थ्यांना चार दिवस अंगावर एक छोटा रेकॉर्डर वागवायला दिला. दर साडेबारा मिनिटांनी तो तीस सेकंद आपोआप सुरू होई. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सर्वांत समाधानी विद्यार्थ्यांच्या दिवसात आशयाच्या बोलण्याचे प्रमाण सर्वांत असमाधानी विद्यार्थ्यांच्या साधारण दुप्पट होते. २०१८ मध्ये अधिक लोकांवर हीच पाहणी झाली. तेव्हा असे दिसले की हवापाण्याच्या गप्पांनी नुकसान काही होत नाही. समाधानाशी नाते मात्र आशयाच्या बोलण्याचेच राहिले. बोलण्यामुळे माणूस सुखी होतो की सुखी माणूस अधिक मोकळा बोलतो, हे अशा पाहणीतून सिद्ध होत नाही. त्यासाठी प्रयोग करावे लागतात.

असा एक प्रयोग जेम्स पेनबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटे लिहायचे होते. काहींना किरकोळ विषय दिले, काहींना आयुष्यातला सर्वांत त्रासदायक प्रसंग. ज्यांनी प्रसंग आणि त्या वेळच्या भावना दोन्ही लिहिल्या त्यांना लिहिताना वाईट वाटले, पण पुढच्या काही महिन्यांत ते विद्यापीठाच्या दवाखान्यात कमी वेळा गेले. नंतर अशा लिखाणातले शब्द मोजले गेले, तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक ‘कारण’, ‘म्हणून’, ‘आता लक्षात येते’ अशा अर्थाचे शब्द वाढत गेले, त्यांना अधिक फायदा झाला. म्हणजे नुसते ओकून टाकण्यापेक्षा विस्कटलेल्या प्रसंगाची सांगण्याजोगी गोष्ट होणे महत्त्वाचे. समोर ऐकणारा असला की हे काम सोपे होते, कारण त्याला समजावे म्हणून बोलणाऱ्याला आधी काय, नंतर काय हे लावून घ्यावेच लागते.

भावनेला नाव दिल्याने मेंदूत काय होते, हे मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाने २००७ मध्ये तपासले. तीस जणांना स्कॅनरमध्ये रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. चेहऱ्यावरील भावनेसाठी नेमका शब्द निवडताना धोक्याची सूचना देणाऱ्या अमिग्डाला या भागातली हालचाल कमी झाली आणि कपाळामागच्या, आवर घालणाऱ्या भागातली वाढली. उलट बाजूही तपासली गेली आहे. मन हेलावणारा चित्रपट पाहून दोघींनी त्यावर बोलायचे, पण एकीने आपल्या भावना दिसू द्यायच्या नाहीत, अशी अट घातल्यावर दोघींचाही रक्तदाब वाढल्याचे २००३ मधील एका अभ्यासात आढळले. दाबून ठेवलेले समोरच्याच्या अंगालाही जाणवते, ही गोष्ट घरातल्या माणसांना संशोधनाआधीच ठाऊक असते.

नाव द्यायला शब्द मात्र हवेत, आणि ते स्वतःच्या बोलीतले हवेत. ‘नैराश्य’ हा शब्द पुस्तकात चालतो. वऱ्हाडातला माणूस तो स्वतःबद्दल क्वचितच वापरतो. तो म्हणतो, जीव लागत नाही, करमत नाही, जीव घाबरा होतो, डोक्यात लई इचार येतात, नाहीतर सरळ ‘टेन्शन हाय’. झिम्बाब्वेतील शोना भाषेत अशाच अवस्थेला ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अति विचार करणे, म्हणतात. तेथील मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून हरारेतील दवाखान्यांच्या आवारात लाकडी बाके ठेवून त्यांवर शिकवून तयार केलेल्या आज्या बसवल्या. आजी ऐकते, सगळ्या अडचणी मोकळ्या करून घेते आणि त्यांतली एकच निवडून तिच्यावर काय करता येईल ते सोबत ठरवते. ५७३ जणांवरील चाचणीत सहा महिन्यांनंतर नैराश्याची लक्षणे आजीशी बोललेल्यांपैकी सुमारे १४ टक्क्यांत, तर नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ५० टक्क्यांत उरली होती.

सगळ्या अडचणींतली एक निवडण्याचे हे तंत्र बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात विशेष मोलाचे आहे. कापूस, सोयाबीन, तूर यांची बहुतांश शेती पावसावर. २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत बुलढाणा होता. कर्ज बोलण्याने फिटत नाही, आणि ते फिटते असे कुणी सांगू नये. पण कर्ज, मुलीचे लग्न, आटलेली विहीर आणि न लागणारी झोप यांचा एकच गोळा होऊन छातीवर बसतो, तेव्हा बँकेत उद्या कुणाला भेटायचे एवढेही सुचत नाही. तो गोळा सुटा करायला दुसरा माणूस लागतो.

बायकांना बोलायच्या जागा पूर्वापार होत्या. पहाटे जात्यावर दोघी बसल्या की सासर, माहेर, दुःख, राग सगळे ओवीत उतरे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या अशा एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या गेल्या. आज निंदणाला शेजारशेजारच्या पाती धरून चालताना थोडे तसेच होते: हात कामात, नजर जमिनीवर, त्यामुळे अवघड गोष्ट सांगणे सोपे जाते. पुरुषांना पार आहे, चहाची टपरी आहे, पण तिथे चारचौघांत घरचे काढणे कमीपणाचे मानतात. इथे एक गैरसमज आड येतो. निकोलस एपली आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अनोळखी माणसांना एकमेकांशी खोलवरच्या विषयांवर बोलायला लावले. समोरच्याला आपल्यात रस नसेल, अवघडल्यासारखे होईल, अशी बहुतेकांची अटकळ होती. प्रत्यक्षात अवघडलेपण कमी आणि आपुलकी अधिक निघाली.

बोलता येत नाही तेव्हा दुःख दुसरी वाट काढते. जिल्ह्यातील सैलानी बाबांच्या दर्ग्यावर सर्व धर्मांचे लोक मनाने त्रासलेल्या नातेवाइकांना पिढ्यान्‌पिढ्या घेऊन येतात. जी सून घरात ब्र काढत नाही ती तिथे घुमू लागल्यावर मोठ्याने बोलते आणि सगळे ऐकतात. मानसशास्त्रात अशा प्रकाराकडे दुःख व्यक्त करण्याची समाजमान्य रीत म्हणूनही पाहिले जाते. त्या माणसाला उपचार मिळालेच पाहिजेत. पण एवढे होईपर्यंत त्याला घरी कुणी काय विचारले होते, हा प्रश्न अधिक जवळचा आहे.

विचारण्याचे काम आता गावातल्या आशाताईंपर्यंत पोहोचले आहे. राज्य शासनाने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांसाठी शेतकरी समुपदेशनाचा ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. बुलढाणा त्यांपैकी एक. आशाताईंनी घरोघरी जाऊन ताणाखालची माणसे ओळखायची आणि त्यांना समुपदेशक व डॉक्टरांपर्यंत न्यायचे, अशी त्याची रचना. नैराश्य ओळखण्यासाठी जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची एक यादी आहे. प्रत्येक प्रश्न गेल्या दोन आठवड्यांबद्दल असतो आणि उत्तरे चार: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून अधिक दिवस, जवळजवळ रोज. त्यांना शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा अधिक गुण आले तर पुढची तपासणी हवी. ओसरीवर बसून “काका, कामात मन लागत नाही असं पंधरा दिवसांत किती दिवस झालं?” असे विचारले की ‘बरं हाय’ला जागाच उरत नाही. काका जरा वेळ जमिनीकडे पाहतात, बोटांवर मोजतात आणि सांगतात, “रोजचंच हाय, माय.” ‘कसे आहात?’ याचे उत्तर शिष्टाचार देतो, ‘किती दिवस?’ याचे उत्तर माणसाला स्वतःकडे पाहूनच द्यावे लागते.

अशा कामाचा परिणाम अमरावती जिल्ह्यात मोजला गेला आहे. तिथल्या तीस गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम राबवला गेला. गावातलेच कार्यकर्ते छोट्या बैठका घेत, ‘टेन्शन’ या ओळखीच्या शब्दापासून सुरुवात करत आणि गरज असेल त्याला समुपदेशकाकडे नेत. राहुल शिधये, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. त्याच वर्षी गोव्यातील ‘संगत’ संस्थेच्या चाचणीचे निष्कर्ष आले. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत सहा ते आठ बैठकी घेतल्या. तीन महिन्यांनी त्यांच्याकडील ६४ टक्के लोकांचे नैराश्य ओसरले होते. नेहमीच्या उपचारांत हा आकडा ३९ होता.

सगळेच बोलणे मात्र औषधी नसते. आपत्तीनंतर लगेच एकाच बैठकीत सारा प्रसंग वदवून घेण्याची पद्धत एके काळी बरीच रूढ होती. पुढच्या चाचण्यांत तिचा फायदा दिसला नाही, काहींना तर त्रासच झाला. आता आधी सुरक्षितता आणि गरजा पाहाव्यात, माणूस बोलेल तेवढे ऐकावे आणि योग्य मदतीशी जोडून द्यावे, असा सल्ला दिला जातो. दुसरा धोका मैत्रीतला. अमांडा रोझ यांनी आठशेहून अधिक मुलामुलींचा अभ्यास केला. तेच दुःख पुन्हा पुन्हा उगाळणाऱ्या मुलींची मैत्री घट्ट झाली, पण नैराश्यही वाढले. म्हणून चांगला ऐकणारा मध्येच “मग पुढे काय केलं?” असे विचारतो. “अरे, एवढं काय त्यात” किंवा “माझंच बघ ना” ही दोन वाक्ये तो टाळतो, कारण त्यांनी बोलणे तिथेच थांबते.

नऊ प्रश्नांतला शेवटचा प्रश्न जीव नकोसा झाल्याच्या विचाराबद्दल आहे. तो विचारायला भल्याभल्यांची जीभ अडखळते. आपणच तो विचार डोक्यात घालू, अशी भीती वाटते. न्यू यॉर्क राज्यातील शाळांत दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही भीती निराधार ठरली. असे विचारल्याने त्रास वाढला नाही. जे आधीच खचलेले होते त्यांचा त्रास किंचित कमी झाला. उत्तर ‘हो’ आले तर त्या माणसाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत न्यावे. मध्यम आणि तीव्र नैराश्याला औषधांचीही गरज लागू शकते. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक रात्रंदिवस सुरू आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते. रात्री दोन वाजता, घरातले सगळे झोपलेले असताना, “डोक्यात लई इचार येतात” एवढे एक वाक्य सांगितले तरी पलीकडचा माणूस पुढचा प्रश्न विचारतो.