‘झिरो कमिशन’ची पाटी आणि हातात पडणारे डॉलर

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की जुहू, इर्ला, पार्ले या पट्ट्यात परकीय चलनाची चौकशी सुरू होते. कुणी दुबईला निघालेलं असतं, कुणी बँकॉकला, कुणी बालीला. तिकीट दोन-तीन हजारांनी स्वस्त मिळावं म्हणून रात्र रात्र मोबाइल धुंडाळणारी माणसं चलन घेताना मात्र पहिल्याच खिडकीत पैसे मोजून मोकळी होतात. या व्यवहारात ऐकीव सल्ले फार चालतात आणि त्यातले बरेचसे महागात पडतात.

गैरसमज : ‘झिरो कमिशन’ लिहिलेलं दुकान सगळ्यात स्वस्त.

मनी चेंजरची खरी कमाई दरात असते. त्याच्या फलकाकडे नीट बघा. ‘वुई बाय’ आणि ‘वुई सेल’ असे दोन रकाने असतात आणि ते दुकानदाराच्या बाजूने लिहिलेले असतात. तुम्ही डॉलर विकत घेणार असाल तर तुमचा आकडा ‘वुई सेल’खालचा, म्हणजे दोहोंतला मोठा. या दोन आकड्यांत जितकं अंतर जास्त, तितका त्याचा नफा जास्त.

समजा, तुम्हाला 1,500 डॉलर हवेत. एक दुकान कमिशन घेत नाही, पण डॉलर 91.80 रुपयांना देतं. दुसरं 250 रुपये सेवाशुल्क लावतं, पण दर 90.90 सांगतं. पहिल्याकडे 1,37,700 रुपये जातात, दुसऱ्याकडे 1,36,600. कमिशन नसलेलं दुकान 1,100 रुपयांनी महाग पडलं. जीएसटी दोन्हीकडे लागतोच, पण तो पूर्ण रकमेवर नसतो. एक लाखापर्यंतच्या व्यवहारावर तो कमीत कमी 45 आणि जास्तीत जास्त 180 रुपये होतो. ‘टॅक्समुळे दर जास्त आहे’ असं कुणी सांगितलं तर हा आकडा लक्षात असू द्या. म्हणून काउंटरवर प्रश्न एकच विचारावा : ‘सगळं धरून 1,500 डॉलरचे किती रुपये द्यायचे?’ आणि तोच प्रश्न त्याच तासात आणखी दोघांना विचारावा. दर दिवसभर हलत असतो, त्यामुळे कालचा एक भाव आणि आजचा दुसरा यांची तुलना करून काही कळत नाही.

गैरसमज : मोबाइलवर दिसतो तोच दर मिळायला हवा.

तो बँकांनी आपसात केलेल्या मोठ्या व्यवहारांचा मधला दर असतो. नोटा आणायला, त्यांचा विमा उतरवायला, तिजोरीत सांभाळायला खर्च येतो, म्हणून रोखीचा दर त्याहून वर असणारच. फॉरेक्स कार्डावर पैसे भरताना दर बहुधा रोखीपेक्षा थोडा कमी पडतो, तोही याच कारणाने. मोबाइलवरच्या दराचा उपयोग मोजपट्टी म्हणून करा. डॉलरच्या बाबतीत सगळं धरून फरक एक-दीड टक्क्यात बसत असेल तर सौदा ठीक आहे. चार-पाच टक्के निघाला तर सरळ उठून दुसरीकडे जा. शनिवार-रविवारी बँकांमधला बाजार बंद असतो. अशा वेळी चेंजर स्वतःच्या सुरक्षिततेसाठी दर थोडा चढा ठेवतो, म्हणून हे काम आठवड्याच्या मधल्या दिवशी उरकावं.

गैरसमज : विमानतळ हाकेच्या अंतरावर आहे, तिथेच घेऊ.

जुहूकरांना हा मोह जास्त होतो, कारण सहारचं टर्मिनल 2 खरोखरच जवळ आहे. पण बॅगा चेक-इन झालेल्या प्रवाशाला दुसरं दुकान शोधायला वेळ नसतो आणि हे काउंटरवाल्याला पक्कं ठाऊक असतं. जागेचं भाडंही त्या दरातच वसूल होतं. जुहू तारा रोडवरच्या हॉटेलांचीही तीच गत. तिथली सोय मुळात परदेशी पाहुण्यांसाठी आहे. अशा अनेक काउंटरांना फक्त परकीय चलन घेऊन रुपये देण्याचीच परवानगी असते, त्यामुळे तुम्हाला ते डॉलर विकूच शकत नाहीत. त्यापेक्षा निघण्याच्या आठवडाभर आधी बँकेत किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या मनी चेंजरकडे विचारा. पासपोर्ट, पॅन, तिकीट आणि लागत असेल तिथे व्हिसाची प्रत दिली की काही जण चलन घरपोचही देतात. 50,000 रुपये आणि त्यापुढची रक्कम रोखीने देता येत नाही, ती स्वतःच्या बँक खात्यातून द्यावी लागते.

गैरसमज : कुठेही जा, डॉलरच न्यावेत.

हे देशावर अवलंबून आहे. युरोपला जाताना आधी डॉलर घेऊन तिथे त्यांचे युरो करणं म्हणजे दोनदा पदरचे पैसे घालवणं. युरो, पौंड, दिरहम, सिंगापूर डॉलर मुंबईत सहज मिळतात, ते थेट घ्यावेत. इंडोनेशियाचा रुपिया किंवा व्हिएतनामचा डाँग यांना मात्र इथे गिऱ्हाईक कमी, म्हणून दर वाईट. तिकडे जाताना डॉलर नेऊन तिथे बदलणं बरं पडतं. फक्त शंभराच्या आणि कोऱ्या नोटा मागून घ्या. घडी पडलेली, शिक्का किंवा पेनाची रेघ असलेली नोट बालीत नाकारली जाते किंवा कमी भावाने घेतली जाते. छोट्या नोटांना बँकॉकमध्येही दर कमी मिळतो. मोजून घेताना प्रत्येक नोट दोन्ही बाजूंनी बघा आणि खराब असेल ती तिथेच बदलून मागा. हे मागायला संकोच वाटू देऊ नका.

गैरसमज : पावती घेतली नाही तर दर चांगला मिळतो.

साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी जाणाऱ्याला सरकारकडून आठ डॉलर मिळायचे. त्या टंचाईत ‘ओळखीच्या माणसा’ची वाट पडली आणि ती सवय पुढच्या पिढीनेही उचलली. आज कायदेशीर मार्ग पुरेसा मोकळा आहे. एका प्रवासासाठी बहुतेक देशांकरता 3,000 डॉलरपर्यंत रोख नेता येते आणि त्यापुढची रक्कम कार्डावर घेता येते. (‘दहा हजारांपर्यंत चालतं’ असं सांगणारे अमेरिकेत उतरताना जाहीर कराव्या लागणाऱ्या रकमेशी याची गल्लत करतात.) परवाना नसलेल्या माणसाशी व्यवहार केला तर फेमा कायद्याखाली रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो. शिवाय बनावट नोट हातात आली तर तक्रार कुठे करणार?

गैरसमज : परदेशात कार्ड वापरताना मशीनवर ‘रुपये’ निवडणं सुरक्षित.

रुपये निवडलेत की दर समोरचा दुकानदार आणि त्याची बँक ठरवते आणि तो जवळजवळ नेहमीच महाग असतो. दुकानात आणि एटीएमवरही तिथलंच चलन निवडा. आपल्या नेहमीच्या कार्डावर परदेशी व्यवहाराला अनेक बँका साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार लावतात. तो किती आहे, हे निघण्यापूर्वीच बँकेला विचारून ठेवा.

गैरसमज : उरलेले डॉलर घरात कितीही दिवस ठेवले तरी चालतात.

परतल्यावर 2,000 डॉलरपर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात. त्याहून जास्त उरले असतील तर 180 दिवसांत विकावे लागतात. विकताना तुमचा आकडा ‘वुई बाय’खालचा असतो, म्हणजे उरलेल्या प्रत्येक नोटेवर दुसऱ्यांदा तोटा. तेव्हा रोख बेताचीच घ्या. आणि परदेशी नाणी इकडचे मनी चेंजर घेत नाहीत, ती परतीच्या विमानात बसण्याआधी तिथेच खर्चून टाका.