कोणता गोंद माशांना चालतो?

टँकसाठी दगडांची कपार घरीच रचायची असेल, तर भरवशाचा एकच: शंभर टक्के सिलिकॉन. काचेचे टँकही त्यानेच जोडतात. ट्यूब दाबली की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तो सुकताना सुटणाऱ्या ॲसेटिक ॲसिडचा. पातळ थर २४ ते ४८ तासांत सुकतो, जाड गोळ्याला आठवडाही लागतो. वरून कोरडा दिसला तरी नाक जवळ नेऊन बघा. वास आहे तोवर पाण्यात टाकू नका. आणि बाथरूमच्या फटींसाठी मिळणारं, बुरशी न धरणारं सिलिकॉन घेऊच नका. त्यातलं बुरशीनाशक माशांच्या जिवावर उठतं.

दगडाला जावा फर्न किंवा अनुबियास चिकटवायचं असेल, तर झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद, तोही जेल स्वरूपातला. ओलाव्यानेच तो घट्ट होतो, म्हणून समुद्री टँकवाले प्रवाळाचे तुकडेही त्यानेच बसवतात. जोडावर पांढरट डाग उरतो, तो निरुपद्रवी. थेंब मात्र मुळांवरच, पानांवर नको.

पांढरा फेविकॉल शाळेच्या प्रोजेक्टसाठी ठेवा. पाण्यात तो मऊ पडून सुटतो. चपला-बुटांचा पिवळा गोंद तर विद्रावकांमुळे बादच. ग्लू गनची कांडी विषारी नसते, पण गुळगुळीत गोट्यावरून पापुद्र्यासारखी निघून येते.

सिलिकॉन लावण्याआधी दगड खडखडीत वाळलेला हवा. ओल्यावर सिलिकॉन धरत नाही.