अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागतेच!

घर भाड्याने देताना : भाग ४

मागच्या आठवड्यात आपण सोसायटीचं बिनभोगवटा शुल्क पाहिलं. सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त ते आकारता येत नाही. आज भाडेकराराकडे वळू, कारण मालकाची बाजू टिकते किंवा पडते ती तिथेच.

ठाण्यातला घोडबंदर रोड असो, कल्याणचा खडकपाडा असो की डोंबिवलीची गोग्रासवाडी, एक सल्ला सगळीकडे मिळतो : "अकरा महिन्यांचंच अ‍ॅग्रीमेंट आहे, रजिस्ट्रेशन कशाला? नोटरी करून टाकू." १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. अकरा महिन्यांचा रिवाज त्यातून पडला. महाराष्ट्रात मात्र ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार भाडेपट्ट्याचा असो वा लिव्ह अँड लायसन्सचा, मुदत कितीही असो, तो लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

या शिक्षेपेक्षा त्याच कलमातली दुसरी तरतूद महागात पडते. नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं आणि ते चूक ठरवण्याचा भार मालकावर येतो. डिपॉझिट किती होतं, मुदत कधी संपली, दुरुस्ती कोणाकडे होती, अशा प्रत्येक मुद्द्यावर मालक पुरावे शोधत बसतो.

करार नोंदवलेला असेल तर चित्र पालटतं. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या घराची मुदत संपूनही ते रिकामं केलं नाही, तर कलम २४ खाली मालक थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. ठाणे जिल्ह्यासाठी हे प्राधिकारी कोकण विभागाचे. लेखी करारातला मजकूर तिथे निर्णायक पुरावा मानला जातो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत समोरच्याने बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. शिवाय मुदतीनंतरच्या दिवसांसाठी लायसन्स फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई. दुकानाच्या गाळ्याला मात्र हा मार्ग नाही. तो फक्त राहत्या घरासाठी.

खर्चाचा हिशोब मांडू. महिना १५,००० रुपये भाडं, ५०,००० डिपॉझिट, मुदत ११ महिने. भाड्याचे १,६५,००० आणि डिपॉझिटवर वार्षिक १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे सुमारे सव्वाचारशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी मिळून एका महिन्याच्या भाड्याच्या दहाव्या हिश्श्यात बसतात. आधार असेल तर नोंदणी घरबसल्या, ऑनलाइनही होते.

आता तीन पथ्यं. मुदत संपल्यावर "राहा अजून दोन महिने" असं तोंडी सांगू नका. नवा करार नोंदवा. वाद सुरू झाल्यावर भाड्याची पावती देऊ नका. पैसे घ्यायचेच असतील तर मुदतबाह्य वापराची भरपाई म्हणून, हक्क राखून, लेखी घ्या. आणि कितीही संताप आला तरी पाणी-वीज तोडू नका, कुलूप बदलू नका. भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा तोडणं कलम २९ खाली गुन्हा आहे. बाजू खरी असलेला मालक त्या एका कृतीने आरोपी होऊन बसतो.

भाडेकरूची माहिती पोलिसांना देणंही चुकवू नका. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली एकाच ठाणे पोलीस आयुक्तालयात येतात. ही माहिती देण्याबाबतचा पोलिसांचा आदेश मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा नोंदवला जातो, आणि तो मालकावर.

नोंदणीकृत करार भाडेकरूलाही तितकाच राखतो : डिपॉझिट किती आणि परत कधी, हे त्यालाही दाखवता येतं. दोघांनी एकत्र बसून तो वाचावा आणि मगच अंगठा लावावा.

पुढील भागात : जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट आणि मालकाची जबाबदारी.