नळी लांब, पण रायफल आखूड! ‘बुलपप’ हातात घेतल्यावर नेमकं काय बदलतं?

रायफल आखूड हवी, पण नळी कापायची नाही. मग करायचं काय? मॅगझिन आणि गोळी झाडणारी सगळी यंत्रणा चापाच्या मागे, दस्त्यात सरकवायची. या रचनेला ‘बुलपप’ म्हणतात. ऑस्ट्रियाच्या ‘स्टायर एयूजी’ची लांबी सुमारे ७९ सेंटीमीटर, तर अमेरिकी ‘एम१६’ची जवळपास एक मीटर. नळी मात्र दोन्हींची सुमारे ५१ सेंटीमीटरच, त्यामुळे गोळीचा वेग टिकतो. भारतीय नौदलाचे ‘मार्कोस’ कमांडो वापरतात ती इस्रायली ‘टॅव्होर’ही याच घराण्यातली.

रेंजवर काय जाणवतं?

पहिल्यांदा जाणवतो तो तोल. वजन खांद्याजवळ येतं, टोक खाली ओढत नाही. उभ्याने नेम धरताना पुढचा हात लवकर थकत नाही. दारातून आत शिरताना किंवा गाडीतून उतरताना तर हा मोठाच फायदा.

चाप ओढला की मात्र गंमत कमी होते. चाप पुढे आणि यंत्रणा मागे, त्यामुळे दोघांना जोडायला लांब दांडी लागते. परिणामी चाप बऱ्याचदा जड आणि गुळमुळीत लागतो, गोळी नेमकी कधी सुटेल याचा अंदाज येत नाही. एयूजीच्या लष्करी आवृत्तीत तर अर्धा चाप ओढला की एक गोळी आणि पूर्ण ओढला की फैर! कल्पना हुशारीची, पण घाबरलेल्या बोटावर किती भरवसा ठेवायचा? मॅगझिन बदलायला हात पार काखेजवळ न्यावा लागतो. जुन्या सवयीचा हात आधी पुढेच चाचपडतो. त्यात स्फोट गालाच्या अगदी जवळ होतो.

डावखुऱ्यांचं काय?

खरी अडचण इथे आहे. ब्रिटनची ‘एसए८०’ उजव्या खांद्यावरूनच चालवावी लागते. डाव्या खांद्याला लावली तर गरम पुंगळी आणि मागेपुढे होणारं कॉकिंग हँडल थेट चेहऱ्यावर. म्हणजे डावखुऱ्या सैनिकाने उजव्या हाताने शिकायचं आणि भिंतीच्या डाव्या कडेने डोकावताना कुणीही अंग जास्त उघडं टाकायचं. टॅव्होरमध्ये पुंगळी पडण्याची बाजू बदलता येते, पण त्यासाठी रायफल उघडावी लागते. चकमकीत ते कोण करणार?

फ्रान्सने २०१६ मध्ये आपल्या ‘फामास’च्या जागी सरळ रचनेची ‘एचके४१६’ निवडली. चीननेही ‘क्यूबीझेड-९५’नंतर तोच रस्ता धरला. दस्ता मागेपुढे सरकवता येणाऱ्या आखूड कार्बाइन आल्यावर बुलपपचं आकर्षण ओसरलं. भारतीय लष्करासाठी घेतलेल्या ‘सिग ७१६’ आणि ‘एके-२०३’ याही बुलपप नाहीत.