चांदीच्या धावा आणि कोरडवाहू हिशेब

वऱ्हाडातल्या शेतीच्या दोनच गोष्टी खपतात. एकरी लाखो रुपये काढणाऱ्या कास्तकाराची यशोगाथा, नाहीतर कर्जापायी जीव दिलेल्याची बातमी. अमरावती-अकोल्याचा बहुसंख्य शेतकरी या दोन्हींत बसत नाही. तरीही त्याच्याबद्दलचे समज या दोन टोकांवरूनच ठरतात.

सगळ्यात जुना समज असा, की अमेरिकेतल्या यादवी युद्धाने वऱ्हाडात सोन्याचा धूर निघाला आणि युद्ध संपताच सगळं बुडालं. 1861 ते 1865 या काळात इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, इकडे भाव काही पटींनी चढले, हे खरं. कास्तकारांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याचं अजून सांगतात. किती जणांनी, ते कोणी विचारत नाही. 1865 मध्ये कोसळला तो मुख्यतः मुंबईतला शेअरांचा सट्टा. शेअर दलाल प्रेमचंद रायचंद त्यातच बुडाले. वऱ्हाडातला कापूस मात्र वाढतच गेला. रेल्वे नागपूरला पोहोचली 1867 मध्ये. खामगावचा फाटा 1870 मध्ये सुरू झाला, तेव्हा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो तिथे आले होते. बडनेऱ्याहून अमरावतीची लाईन त्यानंतर पडली. म्हणजे कापसाची खरी घोडदौड कथेतल्या ‘बुडण्या’नंतरची. आणि त्याच भरभराटीच्या मुलखात 1899-1900 चा दुष्काळ माणसं घेऊन गेला. धान्य आणायला रेल्वे होती, विकत घ्यायला मजुराच्या हाती पैसा नव्हता. भाव आणि भरभराट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाच दिसलं होतं.

आजच्या यशोगाथांचा समज त्याच वळणाचा: ‘त्याला जमलं, मग तुम्हाला का नाही?’ बातमीतला आकडा बहुधा विक्रीचा असतो. त्यातून बियाणं, खत, फवारणी, वेचाई आणि घरच्या माणसांची मजुरी वजा केलेली नसते. वर्षही एकच, ज्या वर्षी भाव लागला ते. पण सगळ्यात मोठी गोष्ट पाण्याची. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. क्षेत्र पावणेपाच लाख हेक्टरांच्या आसपास, गावं जवळपास नऊशे. इथे विहीर खणली तरी पाणी खारं लागतं. ते सतत दिलं की काळी जमीन चोपण होते, निचरा थांबतो. पट्ट्याबाहेर गोड्या पाण्याच्या बोअरवर ठिबक लावणाऱ्याची गोष्ट पट्ट्यातल्या दर्यापूरच्या माणसाला ऐकवणं म्हणजे निव्वळ टोमणा.

अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीला ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ म्हणायची हौस आहे. संत्रा तिथे आहेच. पण त्याच भागात भूजलाचा उपसा मर्यादेबाहेर गेला आहे, आणि बांगलादेशाने आयात शुल्क वाढवलं की बागेत भाव पडतो.

आता दुसरं टोक, आत्महत्यांचं. ‘बीटीने शेतकरी मारला’ असं एक बाजू म्हणते, ‘बीटीने तारला’ असं दुसरी. बीटी, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या कापसाला परवानगी मिळाली 2002 मध्ये. आत्महत्या त्याआधीपासून होत होत्या. सुरुवातीला बोंडअळी आटोक्यात आली, फवारण्या घटल्या, हेही खरं. पुढे गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देईनाशी झाली आणि 2017 च्या हंगामात विदर्भातली कापसाची पराटी तिने पोखरली. मूळ अडचण मात्र बियाण्यापेक्षा जुनी आहे: बहुतांश कापूस पावसावर, खर्च आधी करायचा आणि पीक हाती आल्यावर भाव दुसऱ्याने सांगायचा.

आत्महत्या केलेला शेतकरी सरकारी मदतीला ‘अपात्र ठरला, म्हणजे कारण दुसरंच असणार, दारू नाहीतर घरची भांडणं’ हा समज सगळ्यात वाईट. पात्र-अपात्र हा मदतीचा सरकारी निकष आहे, मरणाच्या कारणाचा निकाल नाही. 2006 च्या शासन निर्णयानुसार वारसाला एक लाख रुपये मिळतात. त्यासाठी कुटुंबाच्या नावे शेतजमीन लागते आणि थकलेलं कर्ज बँकेचं, सहकारी संस्थेचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं लागतं. दुसऱ्याचं वावर मक्त्याने करणारा भूमिहीन इथेच गळतो. कृषी केंद्रातली उधारी आणि सोयऱ्याकडून घेतलेली उसनवारी तर त्या फाईलमध्ये कर्ज म्हणून धरलीच जात नाही.