सिनसिनवार जाट व भरतपूरचे राज्य

गतवर्षी इतिहासाच्या तासास पानिपतचा धडा चालू असता एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारिले, "गुरुजी, भाऊसाहेबांस ऐन वेळी सोडून गेलेला तो जाट कोण?" वर्गातील बहुतेकांच्या मनात जाट म्हणजे एक दगलबाज मनुष्य, एवढीच कल्पना होती. त्या दिवशी घंटा वाजल्यामुळे आमचे उत्तर अर्धेच राहिले. ते येथे पुरे करीत आहो. पालकांनीही ते अवश्य वाचावे, कारण घरोघरी हीच समजूत रूढ आहे.

जाट हे एका मनुष्याचे नाव नव्हे. पंजाब, दिल्ली, आग्रा व मथुरा या भागात पसरलेला तो एक मोठा शेतकरी समाज असून त्यात अनेक कुळे आहेत. भरतपूरचे राजे ज्या कुळातले, त्यास सिनसिनवार म्हणतात. डीगजवळ सिनसिनी नावाचे एक गाव आहे, त्यावरून हे नाव पडले. आपल्याकडे गावाच्या नावास 'कर' लावून आडनाव करितात, तशातलाच हा प्रकार होय.

या कुळाचे भाट त्यांची वंशावळ श्रीकृष्णाच्या यदुकुळाशी व बयान्याच्या जादव राजपुतांशी नेऊन भिडवितात. त्यास समकालीन लेखी पुरावा नाही. राज्य मिळाले म्हणजे वंशावळही लांबते, हा अनुभव केवळ जाटांपुरता नाही. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या वेळीही कुळाचा प्रश्न निघालाच होता. आम्हांस विचाराल तर, नांगर धरणाऱ्या हातांनी राज्य कसे मिळविले ही हकीकत त्या वंशावळीहून अधिक मोलाची वाटते.

या हकीकतीचा आरंभ औरंगजेबाच्या अमलात होतो. सन १६६९ मध्ये मथुरा प्रांतातील शेतकरी तिलपतच्या गोकुळा जाटाच्या नेतृत्वाखाली उठले व त्यांनी मथुरेचा फौजदार अब्दुन्नबी यास ठार केले. पुढे गोकुळा पकडला गेला व आग्र्यास त्याचा क्रूरपणे वध झाला. परंतु बादशहा दक्षिणेत मराठ्यांशी झुंजण्यात गुंतताच सिनसिनीचा राजाराम पुढे सरसावला. त्याने रानात मातीच्या गढ्या बांधिल्या, शेतकऱ्यांस बंदुका चालविण्यास शिकविले, आणि सन १६८८ मध्ये सिकंदऱ्याची अकबराची कबरही लुटली. हे कृत्य आम्हांस मुळीच भूषणावह वाटत नाही. मेलेल्याशी कसले वैर? त्याच वर्षी राजाराम लढाईत पडला, व सन १६९० मध्ये मोगल फौजेने सिनसिनी घेतली.

त्याच्यामागून आलेला चूडामण मोठा धूर्त होता. रस्त्यावर लूट करणाऱ्या याच पुरुषास बादशहा फर्रुखसियर याने दिल्लीपासून चंबळेपर्यंतच्या रस्त्याची राखण सोपविली! चोराच्याच हाती किल्ल्या दिल्या, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु रणात न हरलेला हा मनुष्य घरच्या भांडणात हरला. पुत्राशी तंटा होऊन त्याने सन १७२१ मध्ये विष घेतले. पुढील वर्षी जयपूरच्या सवाई जयसिंगाने थूनची गढी पाडिली व चूडामणाचा पुतण्या बदनसिंग यास कुळाचा नायक केले. डीगचे बाग व वाडे या शांत स्वभावाच्या पुरुषाच्या वेळेपासूनचे.

बदनसिंगानंतर गादीवर आलेला सूरजमल हा या कुळातील सर्वांत थोर पुरुष होय. त्याच्या भरतपूरच्या किल्ल्याचे मर्म विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावे. दगडी भिंतीवर तोफेचा गोळा बसला की दगड फुटतो व खिंडार पडते. परंतु जाड मातीच्या तटात गोळा नुसता रुतून बसतो. शिवाय जवळच्या तलावाचे पाणी सोडून भोवतालचा खंदक भरून घेता येई. लॉर्ड लेकसारख्या सेनापतीने सन १८०५ मध्ये या तटावर चार वेळा हल्ले केले व चारही वेळा मिळून तीन हजारांवर माणसे जायबंदी व ठार होऊन त्यास परतावे लागले. त्या वेळी तटाच्या आत आश्रयास कोण होते? आपले यशवंतराव होळकर! राजा रणजितसिंगाने अखेर वीस लक्ष रुपये देण्याचे कबूल करून तह केला, पण किल्ला लढून दिला नाही.

आता पानिपताकडे वळू. मराठ्यांचा व जाटांचा पूर्वसंबंध गोड नव्हता. सन १७५४ मध्ये मराठ्यांनी कुम्हेरच्या किल्ल्यास वेढा दिला असता मल्हारराव होळकरांचा एकुलता एक पुत्र खंडेराव तोफेच्या गोळ्याने ठार झाला. त्याची पत्नी अहिल्याबाई सती जावयास निघाली असता वृद्ध सासऱ्याने तिला परावृत्त केले, हे सर्वांस ठाऊक आहेच. इतके होऊनही सन १७६० मध्ये सूरजमल भाऊसाहेबांच्या छावणीत आला. बायकामुले व जड सामान मागे ठेवावे आणि गनिमी काव्याने लढावे, असा सल्ला त्याने दिला. तो मानला गेला नाही. दिल्लीच्या कारभारावरूनही बेबनाव झाला आणि तो आपल्या मुलखात निघून गेला. तो राहिला असता तर निकाल फिरला असता काय, हा वाद आजही चालतो. परंतु त्यास दगा म्हणण्यापूर्वी पुढील गोष्ट पाहावी.

१४ जानेवारी १७६१ रोजी सर्वनाश झाला. उपाशी, उघडीवाघडी, जखमी अशी हजारो मराठी माणसे कडाक्याच्या थंडीत दक्षिणेकडे पळत सुटली. सूरजमलाच्या मुलखात पोचताच त्यांस अन्न, वस्त्र व औषधपाणी मिळाले. बाजीराव-मस्तानीचा पुत्र समशेरबहादूर जखमी होऊन तेथेच आला व तेथेच मरण पावला. विजयी अब्दाली दिल्लीत बसलेला असता त्याच्या शत्रूंस घरात घेणे म्हणजे आपल्या घरास आग लावून घेण्याचा धोका पत्करणे होते. ज्यांनी सात वर्षांपूर्वी आपल्याच किल्ल्यास वेढा दिला, त्यांच्यासाठी सूरजमलाने तो पत्करिला. वर्गात अर्धे राहिलेले आमचे उत्तर हेच.

त्याच वर्षी सूरजमलाने आग्र्याचा किल्ला घेतला; व २५ डिसेंबर १७६३ रोजी दिल्लीनजीक नजीबखानाच्या फौजेशी लढताना तो पडला. त्याचा पुत्र जवाहरसिंग शूर पण उतावळा होता; सन १७६८ मध्ये त्याचा खून झाला व राज्यास उतरती कळा लागली. याच दरबाराशी संबंध आलेला वेंदेल नावाचा येशूसंघी पाद्री जाटांचा वृत्तांत फ्रेंच भाषेत लिहून गेला आहे. इतिहासकारांस तो फार उपयोगी पडला. सन १८२६ मध्ये गादीच्या तंट्याचे निमित्त होऊन इंग्रजांनी तटाखाली सुरुंग लावून भरतपूर घेतले. संस्थान मात्र टिकले व सन १९४८ मध्ये अलवर, धोलपूर व करौली यांसह मत्स्य संघात सामील झाले; पुढल्या वर्षी तो संघ राजस्थानात विलीन झाला.

कुम्हेरजवळ खंडेराव होळकरांची छत्री आहे. ज्यांच्या तोफेने तो पडला, त्यांच्याच मुलखात ती उभी आहे.