दुधातली प्रथिनं आणि छुपी दगडी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कास दगडासारखी घट्ट झाली, हात लावताच गाय लाथ झाडायला लागली, धारेबरोबर गाठी किंवा रक्त आलं, की दगडी झाल्याचं गोठ्यात कुणाला सांगावं लागत नाही. डॉक्टरांना लगेच फोन जातो. पण कासदाहाची बहुतेक प्रकरणं अशी उघड होतच नाहीत. कास मऊ असते, दूध पांढरंशुभ्र असतं, गाय निवांत रवंथ करत बसलेली असते आणि एखाद्या सडाच्या आत जंतूंनी ठाण मांडलेलं असतं. हा सुप्त कासदाह. यात दूध हळूहळू कमी होतं आणि आपण त्याचा दोष चाऱ्याला, उन्हाला नाही तर गाभणकाळाला देत राहतो. ही अवस्था डोळ्यांना दिसत नाही आणि हाताला लागत नाही, पण दुधातली प्रथिनं तेव्हाच बदललेली असतात. ती वाचायची कशी, याबद्दल मात्र गोठ्यापासून संकलन केंद्रापर्यंत बरेच गैरसमज आहेत.

“फॅट-एसएनएफ बसतंय, म्हणजे कास निरोगी आहे.”

हा सगळ्यांत महागात पडणारा समज. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा भाव 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून ठरतो, त्यामुळे पावतीवरच्या या दोन आकड्यांवर आपला विश्वास बसला आहे. पण एसएनएफ ही बेरीज आहे. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, प्रथिनं आणि क्षार हे सगळं त्यात येतं. बेरीज तशीच राहून आतले घटक बदलू शकतात, आणि कासेला सूज आली की नेमकं तेच होतं.

निरोगी गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण 80 टक्के केसीन असतं. पनीर, चीज, दह्याचा घट्टपणा हे सगळं केसीनमुळे. ते कासेतल्या पेशी स्वतः तयार करतात. संसर्ग झाला की या पेशी जखमी होतात आणि केसीन कमी बनतं. त्याच वेळी रक्त आणि दूध यांच्यामधला पेशींचा घट्ट पडदा सैल होतो आणि रक्तातले पदार्थ दुधात झिरपतात. त्यांत असतं सीरम अल्ब्युमिन, जे यकृतात बनतं आणि निरोगी दुधात अगदी थोडं सापडतं. त्यांत इम्युनोग्लोब्युलिन असतात, म्हणजे रोगाशी लढणारी प्रतिपिंडं. प्लाझ्मिन नावाचं विकरही त्याच वाटेने येतं आणि उरलेल्या केसीनचे तुकडे पाडायला लागतं. गाय पिळून दूध कॅनमध्ये ओतलं तरी प्लाझ्मिनचं काम थांबत नाही, पाश्चरीकरणातूनही ते तगून राहतं.

एकीकडे केसीन घटलं, दुसरीकडे रक्तातली प्रथिनं वाढली, त्यामुळे एकूण प्रथिनांचा आकडा बराच काळ होता तिथेच राहतो. लॅक्टोज घटतं, पण सोडियम आणि क्लोराइड वाढतात. दूध किंचित खारट लागतं ते यामुळेच. संकलन केंद्रावरचं यंत्र प्रथिनांचा आकडा दाखवत असलं तरी तो एकूण प्रथिनांचा असतो, त्यातलं केसीन किती आणि रक्तातून आलेलं किती हे पावतीवर येत नाही. संसर्ग वाढला की एसएनएफही घसरतो, पण तोवर कासेचं नुकसान होऊन गेलेलं असतं. पनीरचा उतारा कमी पडला की आपण दुधात पाणी असल्याचा संशय घेतो. तेव्हा कासेकडेही संशयाने पाहायला हवं.

“पेशी वाढल्या म्हणजे दुधात जंतू वाढले.”

दुधातल्या सोमॅटिक पेशी गाईच्या स्वतःच्या असतात. त्यांत संसर्गाशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी असतात आणि कासेच्या अस्तराच्या झडलेल्या पेशीही. निरोगी सडाच्या दुधात त्या दर मिलीलिटरला साधारण 1 लाखाच्या आत असतात. आकडा 2 लाखांच्या पुढे गेला की त्या सडात संसर्ग असण्याची शक्यता बरीच मानतात. युरोपीय संघात 4 लाखांची कायदेशीर मर्यादा आहे, अमेरिकेत साडेसात लाखांची.

पण पेशी मोजल्या की फक्त किती सैनिक जमले ते कळतं, लढाई खरोखर सुरू आहे का ते कळत नाही. इथे काही खास प्रथिनं उपयोगी पडतात. एक आहे एम-एसएए-3, म्हणजे कासेतच बनणारं सीरम अमायलॉइड ए. याच कुळातलं दुसरं रूप यकृतात बनतं आणि ते खुराच्या आजारात किंवा गर्भाशयाच्या दाहातही रक्तात वाढतं, त्यामुळे त्यावरून बोट नेमकं कासेकडे दाखवता येत नाही. एम-एसएए-3 मात्र कासेच्या अस्तराच्या पेशी जंतूची चाहूल लागताच काही तासांत सोडू लागतात. दुसरं प्रथिन आहे कॅथेलिसिडिन. ते पांढऱ्या पेशींच्या कणांत साठवलेलं असतं आणि पेशी लढायला लागली की बाहेर पडून जंतूंवर तुटून पडतं. निरोगी सडाच्या दुधात ते जवळपास नसतंच आणि संसर्गात ठळकपणे दिसतं. चाचणीला असाच स्पष्ट फरक लागतो. इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या संशोधकांनी आधी मेंढ्यांच्या दुधातल्या प्रथिनांचा अभ्यास करताना ते हेरलं आणि पुढे गाईंच्या दुधासाठी त्याची एलायझा चाचणी तयार केली. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही की जंतूला कासेने दिलेलं पहिलं उत्तरच आपण दुधात वाचू शकतो.

“हे सगळं परदेशातल्या रोबोटचं काम, आपल्याला काय उपयोग?”

डेन्मार्कमधल्या काही गोठ्यांत धार काढतानाच दुधातलं लॅक्टेट डिहायड्रोजिनेज मोजलं जातं, हे खरं आहे. पेशी फुटली की हे विकर दुधात उतरतं. कॅथेलिसिडिनसारख्या चाचण्या अजून प्रयोगशाळेत होतात, गावातल्या डेअरीत त्या मिळत नाहीत, हेही खरं. पण सुप्त कासदाह ओळखण्याचं जुनं, स्वस्त साधन आपल्या हातात आहे आणि ते आपण पुरेसं वापरत नाही. कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट, म्हणजे सीएमटी, शाल्म आणि नूरलँडर यांनी 1957 मध्ये मांडली.

चार खळग्यांचं प्लास्टिकचं ताट घ्यायचं. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या तळाच्या वाटीत टाकून त्यांत गाठी आहेत का ते बघायचं, मग प्रत्येक सडाचं थोडं दूध आपापल्या खळग्यात घ्यायचं. जादाचं दूध सांडून साधारण दोन मिलीलिटर ठेवायचं, तितकंच द्रावण घालायचं आणि ताट गोल गोल फिरवायचं. दहा-पंधरा सेकंदांत निकाल दिसतो. निरोगी सडाचं मिश्रण पाण्यासारखं वाहतं. बिघडलेल्या सडाचं आधी तळाशी चिकट होतं, मग अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं दाटून मधोमध गोळा होतं. द्रावणातला साबणासारखा घटक पेशी फोडतो आणि त्यांतला डीएनए बाहेर येऊन मिश्रण घट्ट होतं. द्रावणात रंगद्रव्यही असतं. रक्तातले क्षार झिरपून दूध अल्कधर्मी झालं असेल तर जांभळा रंग गडद होतो. कपडे धुण्याच्या पावडरीचं 3 टक्के द्रावण वापरूनही अशी चाचणी करतात. पाकिस्तानातल्या फैसलाबादच्या पशुवैद्यकांनी ही पद्धत रुळवली. ती सीएमटीइतकी बारीक नाही, पण काहीच न करण्यापेक्षा कितीतरी बरी. फक्त द्रावण मिसळलेलं दूध चुकूनही बादलीत जाऊ देऊ नका.

“गाईच्या बादलीतलं दूध तपासलं की पुरे.”

कासेचे चारही भाग आतून वेगळे असतात, एकाचं दूध दुसऱ्यात जात नाही. समजा तीन सडांच्या दुधात दर मिलीलिटरला 50 हजार पेशी आहेत आणि चौथ्यात 5 लाख. चारही सडांचं दूध सारखं धरलं तर बादलीतली सरासरी निघते 1 लाख 62 हजार. आकडा बरा दिसतो आणि आजारी सड तसाच राहतो. प्रथिनांच्या चाचण्यांनाही हेच लागू आहे. नमुना सडागणिक घ्यायला हवा.

वेळही पाहावी लागते. नुकत्याच व्यायलेल्या गाईच्या चिकात इम्युनोग्लोब्युलिन भरपूर असतात, एम-एसएए-3 ही असतं. आटवलेल्या गाईच्या कासेत लॅक्टोफेरिन कित्येक पटींनी वाढतं. हे प्रथिन लोह धरून ठेवतं आणि जंतूंना उपाशी ठेवतं. हे वाढणं आजाराचं लक्षण नाही, कास स्वतःचं रक्षण करत असते. व्यायल्यानंतरच्या पहिल्या दिवसांतला निकाल वाचताना हे ध्यानात ठेवलं नाही तर निरोगी गाईवर उगाच उपचार होतील.

“चाचणी पॉझिटिव्ह आली, आता सडात ट्यूब सोडा.”

सीएमटी असो की कॅथेलिसिडिन, ती दाह आहे एवढंच सांगते, जंतू कोणता हे नाही सांगत. ई. कोलाय जोरात हल्ला करतो आणि कासही तितक्याच जोरात उत्तर देते. बरेचदा लक्षणं दिसेपर्यंत कासेने तो जंतू निपटलेलाही असतो. स्टॅफिलोकोकस ऑरियस मात्र शांतपणे आत घर करतो, पेशींच्या आत लपतो आणि प्रतिजैविकांना दाद देत नाही. दोघांवर एकच औषध सोडणं म्हणजे पैसा वाया घालवणं आणि जंतूंना औषध पचवायला शिकवणं. सीएमटी पॉझिटिव्ह आलेल्या सडाचं दूध निर्जंतुक बाटलीत घेऊन, बर्फावर ठेवून कल्चरसाठी प्रयोगशाळेत पाठवावं आणि उपचार डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावेत.

दूध उकळलं की सगळं ठीक होतं, हाही समज पुसायला हवा. उकळल्याने जंतू मरतात, पण स्टॅफिलोकोकसने दुधात सोडलेलं विष उष्णतेत टिकतं. प्रतिजैविकांचे अंशही पूर्ण जात नाहीत, विरजण न लागण्यामागे अनेकदा तेच असतात. औषधाच्या चिठ्ठीवर जितके दिवस लिहिले आहेत तितके दिवस त्या गाईचं दूध डेअरीत घालू नये आणि घरातही पिऊ नये.

महिन्यातून एकदा प्रत्येक दुभत्या गाईच्या चारही सडांची सीएमटी करा आणि निकाल सडागणिक वहीत लिहा. बिघडलेल्या सडाची गाय सगळ्यांत शेवटी पिळा, कारण संसर्ग हातांतून, फडक्यातून आणि यंत्राच्या कपांतून पुढच्या गाईला जातो. धार काढल्यावर प्रत्येक सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा. आणि दूध संघांनीही आता सोमॅटिक पेशींचा आकडा फॅट-एसएनएफच्या शेजारी पावतीवर छापायला सुरुवात करावी. जो आकडा पावतीवर येतो, त्याच्याकडेच शेतकरी लक्ष देतो.